आगीने फुटलेला दगड, घावाने फुटलेला दगड

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री अंगणात देगा चढायच्या. गॅसच्या शेगड्या गावात यायच्या आधीची गोष्ट. प्रत्येक देगेखाली तीन मोठे दगड लागत. दगड गोळा करायचं काम आम्हा पोरांचं आणि ते पारखायचं काम बावर्चीचं. ओढ्यातला गुळगुळीत गोटा दिसला की तो लांबूनच हात हलवायचा, "उसकू फेक." बांधावरचा कोरडा, खडबडीत दगड मात्र त्याला चालायचा. एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "नदी का फत्तर पानी पिको रहता. आग पे रखे तो फूटता." एवढं बोलून तो कांदे कापायला बसला.

खूप वर्षांनी रायचूर दोआबाविषयी वाचताना हा माणूस आठवला.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा पट्टा आपल्या शालेय पुस्तकांत फक्त लढायांसाठी येतो. आधी बहमनी आणि विजयनगर, नंतर आदिलशाही आणि विजयनगर. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने इस्माईल आदिलशाहला हरवून रायचूर घेतलं. हल्ली या लढायांना सरसकट धर्मयुद्धाचा रंग चढवतात. विजयनगरच्या फौजेत मुस्लिम सैनिक होते, रायचूरच्या वेढ्यात पोर्तुगीज बंदूकधारीही होते, हे मग सोयीने गळतं. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. त्या वेढ्यातला एक तपशील मात्र इथे कामाचा आहे. फर्नांव नुनिश नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने ही हकीकत काही वर्षांनी लिहून ठेवली. किल्ल्यावर तोफा भरपूर होत्या. तरी तट फोडला तो पहारी-कुदळी घेतलेल्या माणसांनी. तटाचा दगड उपटून आणणाऱ्याला त्या दगडाच्या आकाराप्रमाणे रोख पैसे मोजले जात होते.

दगड कसा निखळतो, कशाने फुटतो, याचं ज्ञान असलेली ही माणसं कोण होती? नुनिशने राजांची नावं लिहिली, सरदारांची लिहिली, पोर्तुगीज बंदूकधाऱ्यांच्या प्रमुखाचं नाव लिहिलं. पहारवाल्यांना नावं नाहीत.

याच दोआबात लिंगसुगूर तालुक्यात हट्टी नावाचं गाव आहे. मराठीत हट्टी म्हणजे ऐकत नाही तो, आणि तिथला खडकही तसाच आहे. हिरवट काळा, प्राचीन लाव्हा दाबला-भाजला जाऊन बनलेला. त्यातून गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरा जातात आणि त्या शिरांमध्ये सोनं आहे. आजही तिथे सोन्याची खाण चालू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरांनी इथे नव्याने खोदकाम सुरू केलं आणि त्यांना कळलं की आपल्या कितीतरी आधी कुणीतरी इथे उतरून गेलेलं आहे. जुनी खोदकामं खाली खाली जात सुमारे ६४० फुटांपर्यंत पोचली होती. आत सापडलेल्या लाकडाचं वय रेडिओकार्बन पद्धतीने काढलं तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षं निघालं. सातवाहनांचा काळ.

जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सोनं शोधत फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरलाच दिसला. 'देवानांपिय' म्हणजे अशोकच, हे ज्या लेखाने थेट नाव घेऊन सांगितलं तो हा लेख. निजामाच्या नव्या पुरातत्त्व खात्याने त्याच वर्षी आपल्या प्रकाशनमालेतलं पहिलं पुस्तक याच लेखावर काढलं. राजाचं नाव दगडावर कोरलेलं होतं म्हणून ते मिळालं. त्याच परिसरात ६४० फूट खाली उतरणाऱ्यांच्या मागे राहिली ती फक्त राख, कोळसा आणि जळकं लाकूड.

कोळसा का, तर त्यांनी खडक आगीने फोडला होता.

पद्धत सांगायला सोपी आहे. खडकाच्या तोंडाशी लाकडं रचायची, पेटवायची, काही तास जळू द्यायची. खडक तापतो, कधी आगीतच त्याचे पापुद्रे तडतडत उडतात. मग पाणी मारायचं. तडे गेले की छिन्नी-पहारीने तुकडे काढायचे. हाताचा वेतभर पुढे सरकायचं आणि पुन्हा लाकडं रचायची. जगभर खाणीत हेच चालायचं. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की इसवी सनापूर्वी २१८ मध्ये आल्प्स ओलांडताना हॅनिबालच्या सैन्याने वाटेतला कडा आग लावून तापवला आणि त्यावर आंबलेली दारू, म्हणजे व्हिनेगर, ओतून फोडला. यावर इतिहासकार अजून भांडतात. व्हिनेगर कशाला? चुनखडी असेल तर आम्लाचा थोडा उपयोग होईल, नाहीतर त्यातलं बहुतेक काम साधं पाणीही करतं. चीनमध्ये सिचुआन प्रांतात तूच्यांगयानचा बंधारा बांधताना ली पिंगने डोंगर आग आणि पाण्याने फोडून कालवा काढला, असं परंपरेने सांगतात. तेही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात.

आता आगीने दगडाचं नेमकं काय होतं ते पाहू. मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट ही वाटते की आग आणि पाणी दगडावर उलटसुलट काम करतात.

दगड उष्णता फार सावकाश आत जाऊ देतो. म्हणून बाहेरचा थर तापून फुगू पाहतो, आतला गार असतो. तो फुगू देत नाही. कोंडमाऱ्यात अडकलेला बाहेरचा थर दाबला जातो आणि शेवटी पापुद्र्यासारखा सुटून येतो. पाणी पडलं की उलट होतं. बाहेरचा थर झटकन आकसू पाहतो, आतला आता तापलेला असतो, तो आकसू देत नाही. त्यामुळे बाहेरचा थर ताणला जातो. आणि ताण हीच दगडाची दुखरी जागा आहे. चांगला ग्रॅनाइट दाबून फोडायचा तर दर चौरस सेंटीमीटरला दीड-दोन टन भार लागतो. तोच ओढून तोडायचा तर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं, कधी त्याहूनही कमी बळ पुरतं. तटबंदी हजार वर्षं उभी राहते आणि दगडी तुळई मधोमध तडकते, त्याचं कारण हेच.

दुसरं कारण दगडाच्या पोटात आहे. ग्रॅनाइट म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यात क्वार्ट्झ आहे, फेल्डस्पार आहे, अभ्रक आहे. हे सगळे एकाच उष्णतेला वेगवेगळ्या मापाने फुगतात. एकाच खोलीत कोंबलेले चार भाऊ एकदम ऐसपैस बसायला लागले तर जे होईल ते कणाकणांच्या सीमेवर होतं. बारीक भेगा पडतात. शंभर-दोनशे अंशांपर्यंत फारसं बिघडत नाही. कधी तर आतली ओल निघून गेल्याने दगड किंचित घट्टही होतो. चारशे-पाचशे अंशांच्या पुढे त्याची ताकद घसरायला लागते. आणि ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचनाच पालटते, त्याचं आकारमान एकदम वाढतं. ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १८८९ मध्ये मोजून दाखवलं. या आकड्यापलीकडे गेलेला ग्रॅनाइट परत गार झाला तरी पूर्वीचा राहत नाही. दिसायला तसाच दिसतो, पण आतून भेगांची जाळी झालेली असते. आठशे अंशांच्या आसपास गेलेल्याची बहुतेक ताकद संपलेली असते.

लाकडाचा चांगला जाळ हा पल्ला सहज गाठतो. हट्टीच्या खाणवाल्यांना ५७३ हा आकडा ठाऊक नव्हता. गारेची शीर आधी तडकते आणि तिच्यासोबत काळा खडक सुटतो, एवढं हातांना ठाऊक असावं. आणि बावर्चीचा गोटा? त्यात आणखी एक गोष्ट घडते. ओढ्याच्या दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरलेलं असतं. आगीवर त्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही. मग तो गोळीसारखा फुटतो.

जाताजाता एक सांगतो. इब्न सीनाने 'किताब अल-शिफा'मध्ये दगड कसा बनतो यावर लिहिलं आहे. लहानपणी जैहून नदीच्या काठी लोक डोकं धुवायला वापरत ती माती त्याने पाहिली होती. सुमारे २३ वर्षांनी त्याच जागी तिचा मऊ दगड झालेला दिसला, असं तो नोंदवतो. हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात बराच काळ ॲरिस्टॉटलच्या नावावर वाचला गेला. डोकं धुवायच्या मातीकडे इतक्या बारकाईने पाहणारा विद्वान आपल्याला लाभला याचं कौतुक आहेच. पण दगड बनण्यावर विद्वान लिहीत होते तेव्हा दगड फोडणारे लिहीत नव्हते. त्यांचं ज्ञान पुस्तकात यायला फार वेळ लागला. जर्मन प्रदेशातला वैद्य आग्रिकोला याचं खाणींवरचं मोठं पुस्तक १५५६ मध्ये आलं. त्यात खाणीतल्या आगीची सविस्तर माहिती आहे, आणि धुराने माणसं मरतात हेही आहे.

धुराची गोष्ट अशी वाक्यात उरकून जाऊ नये. बंद बोगद्यात तासन्‌तास लाकडं जळणं म्हणजे काय, ते अलेक्झांड्रियाच्या अगाथारखिदेसच्या वर्णनातून कळतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने न्युबियातल्या, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणींविषयी लिहिलं. त्याचं मूळ पुस्तक हरवलं, पण डिओडोरसने हा भाग जपला. कठीण खडक आधी आगीने भाजून ठिसूळ करायचा, मग कपाळाला दिवे बांधलेले कैदी लोखंडी हत्यारांनी तो फोडत. लहान मुलं बिळांतून शिरून तुकडे बाहेर आणत. बायका आणि म्हातारी माणसं जात्यावर दळत. आजाऱ्यालाही सूट नव्हती. काम करता करता मरेपर्यंत काम. हट्टीत असंच होतं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण 'आपल्या पूर्वजांचं प्रगत तंत्रज्ञान' म्हणून अशा खाणींचे फोटो मोबाइलवर फिरतात तेव्हा मला न्युबियातली ती मुलं आठवतात.

याच आगीचं एक शांत, नजाकतीचं रूप बंगळुरात होतं. डॉ. एच. वॉर्थ यांनी त्याचं वर्णन १८९५ मध्ये लंडनच्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं. उघड्या, सपाट ग्रॅनाइटवर कारागीर हलक्या लाकडांचा एक अरुंद जाळ ओळीने लावत. मग हातोड्याने समोरचा खडक ठोकून पाहत. आवाज बदलला, म्हणजे वरचा थर खालच्या खडकापासून सुटला. मग जाळ काही इंच पुढे सरकवायचा. पुन्हा ठोकायचं, ऐकायचं. पुन्हा सरकवायचा. अशी ती आगीची रेघ खडकावरून हळूहळू चालत जायची आणि मागे जमिनीला समांतर सुटलेला एकसंध पत्रा राहायचा. वॉर्थ यांनी मोजलेल्या एका पत्र्याचं क्षेत्रफळ ७४० चौरस फूट होतं, जाडी सरासरी पाच इंच. लाकडाचा हिशेब त्यांनी दिला तो असा, १ पौंड लाकडाला सुमारे ३० पौंड दगड. मग त्याच पत्र्याच्या हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या.

इथे पाणी नाही, घाई नाही. घाई केली तर पत्रा तुकडे होऊन जाईल. खाणीत दगडाचा भुगा हवा असतो, म्हणून जाळ मोठा आणि पाणी एकदम. इथे पत्रा अखंड हवा, म्हणून जाळ बारीक आणि चाल मुंगीची. दगड तोच, आगही तीच. बदलला तो फक्त वेग. ही माणसं कानाने भेग कुठवर गेली ते ओळखत होती. आज प्रयोगशाळेत दगडातल्या भेगा ऐकायला संवेदक चिकटवतात. लेख अर्थातच वॉर्थ यांच्या नावावर आहे.

आपल्या महाराष्ट्रात आगीची ही करामत तितकी चालत नाही. आपला काळा दगड बेसॉल्ट. त्यात क्वार्ट्झ नसल्यासारखंच, कण बारीक आणि एकमेकांत घट्ट विणलेले. तो उष्णता ग्रॅनाइटपेक्षा बराच जास्त सोसतो. वेरूळ-अजिंठ्याच्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. दौलताबादचा कडा तासला तोही याच दगडाचा. आपल्याकडे दगड फोडणं म्हणजे घाव घालणं. आणि घाव म्हटला की वडार समाज आलाच. रस्ते, धरणं, विहिरी, रेल्वेची खडी, सगळ्यात त्यांचा घाम आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. त्याच यादीत छप्परबंद आहेत, आणि तिथे 'मुस्लिमांसह' असं लिहिलेलं आहे. ज्यांनी भिंती फोडल्या-बांधल्या, छपरं शाकारली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना इंग्रज सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. हा वेगळ्या लेखाचा विषय, पण दगडाचा इतिहास लिहिताना तो टाळून पुढे जाता येत नाही.

आता घावाकडे येऊ.

दगडाची ताकद किती, याला एकच उत्तर नाही. भार किती वेगाने टाकता त्यावर ते अवलंबून आहे. हे पटायला जरा जड जातं. आपल्याला वाटतं, दगड शंभर किलो पेलतो म्हणजे शंभर किलोच पेलतो. तसं नाही. सावकाश भार टाकला तर तो कमी भाराला फुटतो, झटक्यात टाकला तर जास्त भार सोसून मग फुटतो.

याचं कारण पुन्हा भेगा. ब्रिटिश इंजिनिअर ग्रिफिथ याने १९२१ मध्ये काचेवरच्या कामातून दाखवलं की वस्तू तुटते ती तिच्यात आधीच असलेल्या बारीक भेगांपासून. दगडात अशा भेगा असंख्य असतात, पण सगळ्या सारख्या नसतात. भार हळूहळू वाढला तर सगळ्यात कमजोर भेगेला आरपार धावायला पुरेसा वेळ मिळतो. त्यात हवेतली ओल भेगेच्या टोकाशी शिरून तिला मदत करते. ती एकटी दगड दुभागते, बाकीच्या भेगा जागच्या जागी राहतात. पाथरवट ओळीने भोकं पाडून त्यात पाचरी बसवतो, एकामागून एक हलक्या हाताने ठोकत जातो, मध्ये थांबतो, बिडी ओढतो. तो थांबणं आळस नाही. भेगेला चालायला वेळ देणं आहे. शेवटी दगड टकाटक सरळ रेषेत दुभागतो.

भार विजेच्या वेगाने आला तर? कमजोर भेग अर्ध्या वाटेत असतानाच ताण इतका चढतो की तिच्याहून पक्क्या भेगाही जाग्या होतात, मग त्याहून पक्क्या. सगळ्या एकदम धावतात. दगडाने जास्त भार सोसला, पण फुटला तो चिंध्या होऊन.

मराठीत सुरुंग शब्दाचे दोन अर्थ आहेत, भुयार आणि स्फोट. संस्कृतातल्या 'सुरुंगा'चा अर्थ भुयारच. बारूद आली आणि भुयारात ती भरली गेली, तेव्हा शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. दखनेत किल्ल्याच्या तटाखाली असा सुरुंग उडवल्याची ठळक नोंद १४७२ च्या बेळगावच्या वेढ्याची आहे. बहमनी सुलतान मुहम्मद तिसरा आणि त्याचा वजीर महमूद गावान यांचा तो वेढा, फिरिश्ताने त्याची हकीकत दिली आहे. खाणीत खडक फोडायला बारूद वापरल्याची पहिली पक्की नोंद मात्र १६२७ ची. आजच्या स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्त्याव्नित्सा या गावी कास्पार वाइंडल या माणसाने ती उडवली. तट पाडायला बारूद वापरणारं जग खाणीत ती भरायला दीडशे वर्षांहून जास्त काळ थांबलं.

आणि आग लगेच विझली असंही नाही. नॉर्वेतल्या कोंग्सबर्गच्या चांदीच्या खाणी १६२३ मध्ये सुरू झाल्या. बारूद तिथे त्याच शतकात पोचली. तरीही लाकडं पेटवून खडक फोडणं १८९० च्या सुमारापर्यंत चाललं. खडक इतका कठीण की बारूद भरायला भोक पाडायचं, तेच हातांनी फार जिकिरीचं. जंगल जवळ होतं. डायनामाइट आणि यंत्राचा ड्रिल हाताशी आले तेव्हाच आग मागे पडली. नवीन तंत्र आलं की जुनं दुसऱ्या दिवशी मरतं, असं इतिहासात क्वचितच होतं.

झटक्यात दगड जास्त ताकद दाखवतो, तर स्फोटाने तो इतक्या सहज का फुटतो? कारण स्फोटाची लाट दाबत पुढे जाते आणि उघड्या बाजूला पोचली की उलटून ओढत परत येते. दाबाला मर्द असलेला दगड ओढीला कच्चा, हे वर आलंच आहे. म्हणून सुरुंग नेहमी उघड्या तोंडाच्या बेताने लावतात. आमच्याकडे विहीर खणताना सुरुंग लावणारा माणूस आधी बराच वेळ खडकाभोवती फिरायचा, हात फिरवायचा, मग भोकांच्या जागा खडूने दाखवायचा. आम्ही पोरं लांब पळून कान झाकून बसायचो. त्याला ही लाट वगैरे कुणी शिकवली नव्हती.

वेगाचं मोजमाप शास्त्रात आलं ते इंग्लंडमधल्या बाप-लेकांकडून. जॉन हॉपकिन्सनने १८७२ मध्ये लोंबत्या तारेवर वजन पाडून पाहिलं की तार तुटते ती वजन किती यापेक्षा ते किती वेगाने आदळलं यावर. मुलगा बर्ट्रम हॉपकिन्सनने १९१४ मध्ये लांब पोलादी दांड्यातून जाणारी स्फोटाची लाट मोजायची युक्ती काढली. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्कीने त्या दांड्याचे दोन भाग केले आणि मध्ये तपासायचा नमुना धरला. आज जगभरच्या खडकशास्त्राच्या प्रयोगशाळांत हेच यंत्र आहे. साध्या प्रेसमध्ये दगडाचा नमुना फुटायला काही मिनिटं लागतात. इथे तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत फुटतो, आणि फुटेपर्यंत साध्या प्रेसपेक्षा दीडपट-दुप्पट, कधी त्याहून अधिक भार सोसतो.

मग कुणीतरी नमुना आधी भट्टीत तापवला आणि या यंत्रात ठेवला. म्हणजे हट्टीची आग आणि श्त्याव्नित्साचा स्फोट एका जागी आले. जे निघालं ते ढोबळमानाने असं, की तापवल्याने दगडाची ताकद खाली येते, झटक्याने ती वर जाते, आणि दोन्ही एकाच वेळी काम करतात. सहाशे-आठशे अंश पाहिलेला ग्रॅनाइटही झटका दिला की सावकाश दाबल्यापेक्षा जास्त सोसतो. पण त्याची सुरुवातच खालून झालेली असते आणि तो फुटतो तेव्हा तुकडे फार बारीक होतात, कधी नुसता चुरा.

हे प्रयोग हौसेखातर होत नाहीत. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात एका ट्रकला आग लागली. ती विझायला दोन दिवसांहून जास्त लागले, ३९ माणसं गेली. अशा आगीनंतर बोगद्याचं छत आणि त्यावरचा खडक किती भरवशाचा उरतो, त्यावर पुढचा हादरा बसला तर काय, हा हिशेब कुणीतरी करावाच लागतो. डोंगराच्या पोटात रेल्वेचे, रस्त्यांचे बोगदे आपल्याकडेही वाढतच आहेत.

आणि हट्टीच्या दक्षिणेला कोलार आहे. तिथल्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. त्या खोलीवर खडक मुळातच इतका तापलेला की हवा गार करून आत सोडावी लागे. वरून तीन किलोमीटर डोंगराचा भार. खोदत गेलं की तो भार उरलेल्या खांबांवर सरकतो, वर्षानुवर्षं सावकाश साठत राहतो. मग एखाद्या दिवशी खडक तोफेसारखा सुटतो. त्याला 'रॉक बर्स्ट' म्हणतात. इथे सुरुंग कुणी लावलेला नसतो. सावकाश भरलेला भार एका क्षणात मोकळा होतो, आणि त्या क्षणी तिथे उभा असलेला खाणकामगार वाचत नाही. असे स्फोट कोलारने कित्येक पाहिले. खडकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये त्याच गावात उभी राहिली, ती उगाच नाही. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. हट्टी चालू राहिली.

मागच्या हिवाळ्यात पुतणीच्या लग्नात अंगणात पुन्हा देगा चढल्या. बावर्ची तरुण होता, त्या जुन्या बावर्चीचा नातू. देगेखाली लोखंडी तिवई, तिच्याखाली गॅसची मोठी शेगडी. मी त्याला दगडांविषयी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "चाचा, अब कौन फत्तर देखता?" थोड्या वेळाने मात्र एका तिवईचा पाय जमिनीत कलला. नातू उठला, अंगणाच्या कडेला पडलेल्या तीन-चार दगडांतून एक ओला दगड उचलून बघितला, बाजूला टाकला आणि कोरडा घेऊन आला.